उथळ पाण्यातले जहाज

बेंगळुरूला समुद्र नाही. पश्चिमेला मंगळुरू आणि पूर्वेला चेन्नई, दोन्हीकडे जायला साधारण साडेतीनशे किलोमीटर. तरी नोव्हेंबर उजाडला की शुक्रवारी रात्री गोव्याच्या आणि मुरुडेश्वरच्या बसमध्ये जाळीच्या पिशव्यांतून डोकावणारे फिन्स दिसू लागतात. ही मुलेमुली दोन-तीन शनिवार-रविवार शहरातल्याच एखाद्या पोहण्याच्या तलावात पाण्याखाली श्वास घ्यायला शिकलेली असतात आणि आता त्यांना खरा समुद्र हवा असतो. त्यातही एक मागणी हमखास असते. बुडालेले जहाज बघायचे आहे, पण उथळ पाण्यातले, किनाऱ्याजवळचे. म्हणजे सोपे.

मीही त्याच बसने गेलो आहे आणि माझीही मागणी हीच होती. आज कोणी विचारले तर मी आधी त्याला 'उथळ' या शब्दाकडे नीट बघायला सांगतो.

समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर एक वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली गेले की तो दोन होतो, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हे बॉइलचे सूत्र आपण शाळेत पाठ केलेले असते. आता ते उलट्या दिशेने लावून बघा. दहा मीटर खोलीवर सिलिंडरमधून छातीभर श्वास घेतला, फुप्फुसात सहा लिटर हवा आहे आणि घाबरून श्वास रोखून कोणी वर आला, तर पृष्ठभागापर्यंत येताना ती हवा बारा लिटर व्हायला बघणार. फुप्फुस काही तेवढे ताणले जात नाही. याच माणसाने तीसवरून वीस मीटरवर येताना श्वास रोखला असता, तर सहाचे आठ लिटर झाले असते. प्रवास तेवढाच दहा मीटरचा, पण वाढ दुप्पट ऐवजी सव्वापटीच्या थोडी वर. सगळ्यात मोठी उलथापालथ शेवटच्या दहा मीटरांत होते, म्हणजे नेमकी नवशिक्याच्या पाण्यात. फुप्फुसाला इजा व्हायला जेमतेम सव्वा मीटरची खोलीही पुरते, म्हणून पोहण्याच्या तलावातही पहिला धडा हाच असतो की श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना तोंडातून बुडबुड्यांची बारीक धार सोडत यायचे.

तरंगण्याचेही तसेच. अंगावरच्या जॅकेटमध्ये, ज्याला बीसीडी म्हणतात, थोडी हवा भरून डायव्हर पाण्यात अधांतरी राहतो. उथळ पाण्यात मीटरभर वर सरकले तरी ती हवा फुगते, माणूस आणखी वर जातो, हवा आणखी फुगते. पाच मीटरवर स्थिर राहणे पंधरा मीटरवर स्थिर राहण्यापेक्षा कठीण आहे, हे पहिल्या दिवशी कोणालाच खरे वाटत नाही. त्यात भर म्हणजे सिलिंडर हलका होत जातो. आपल्याकडे सर्रास वापरतात तो अकरा लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर पूर्ण भरला की त्यातल्या हवेचेच वजन अडीच किलोहून जास्त असते. डाइव्हच्या शेवटी ते वजन गेलेले असते आणि तेव्हाच आपण सर्वांत उथळ पाण्यात असतो.

बेंगळुरूच्या शिकाऊ डायव्हरची आणखी एक अडचण आहे. तो गोड्या पाण्यात शिकतो. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. माणूस आणि त्याची सामग्री मिळून शंभर किलो धरले, तर तलावात पुरलेल्या शिशाच्या वजनांत समुद्रात जवळपास अडीच किलोची भर घालावी लागते. माझ्या पहिल्या समुद्री डाइव्हला मी तलावातलाच आकडा सांगितला होता. सगळे खाली गेले आणि मी बुचासारखा वर. मालवणी शिक्षकाने काही न बोलता माझ्या पट्ट्यात दोन वजने ओवली, अंगठा खाली दाखवला आणि मग म्हणाला, "आता श्वास सोडा सगळो." श्वास सोडला तसा मी खाली जाऊ लागलो. फुप्फुस ही आपली पहिली बीसीडी आहे, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या एका वाक्याने मला कळले.

आता दुसरा शब्द, 'किनाऱ्याजवळ'. होडी नको, वाळूवरून चालत पाण्यात शिरायचे आणि समोर जहाज, असे ठिकाण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे का? जहाजे किनाऱ्याला लागतात, हे खरे. 6 जून 2000 रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' हे मोठे मालवाहू जहाज गोव्यात कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याशी वाळूत रुतले आणि ते पूर्ण हटायला 2012 उजाडले. जून 2020 मध्ये निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ही जहाजे किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत, पण डायव्हरला त्यांचा उपयोग नव्हता. कारण कोकण-गोव्याचा समुद्रतळ फार सावकाश उतरतो. दहा मीटर पाणी मिळवायला बऱ्याच जागी किनाऱ्यापासून बरेच आत जावे लागते. तोवरचा सगळा पट्टा फुटणाऱ्या लाटांचा, ढवळलेल्या वाळूचा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाचा. तिथे हात लांब केला तर स्वतःची बोटे दिसत नाहीत आणि लाट माणसाला उचलून पत्र्यावर आपटू शकते.

चालत जाऊन जहाज बघण्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण बाली बेटावरचे तुलांबेन हे गाव आहे, आणि बेंगळुरूचे कितीतरी डायव्हर हल्ली तिथे जातात. 1918 मध्ये बांधलेले, सुमारे 120 मीटर लांबीचे 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज. 11 जानेवारी 1942 रोजी जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. ओढत नेताना ते बुडू लागले, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्याला आणून लावले. एकवीस वर्षे ते तिथे काठावर पडून होते. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हालचालींनी जहाज घसरून पाण्यात गेले. आज त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आणि खालचा तीस मीटरच्या आसपास आहे, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. हे शक्य झाले ते उतारामुळे. ज्वालामुखीचा तळ तीव्र उतरतो, म्हणून चाळीस-पन्नास पावलांत खोली मिळते. काळ्या गोट्यांच्या त्या किनाऱ्यावर गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर ठेवून पाण्याच्या काठापर्यंत आणून देतात.

किनाऱ्यावरून पाण्यात शिरण्याची रीत मात्र कुठेही सारखीच, आणि ती शिकून घेण्यासारखी आहे. आधी पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहून लाटा बघायच्या. मोठ्या लाटा टोळीने येतात आणि मग थोडी उसंत मिळते. ती उसंत ओळखायची. मास्क डोळ्यांवर, सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात आणि जॅकेटमध्ये थोडी हवा, हे सगळे पाय ओले होण्याआधी. पाणी कमरेला लागले की जोडीदाराच्या खांद्याला धरून फिन्स चढवायचे आणि लाटेकडे बाजू किंवा पाठ करून मागे मागे सरकायचे. फिन्स घालून समोर चालणारा माणूस पडतोच. परतताना उभे राहण्याची घाई करू नये. गुडघाभर पाण्यातही रेग्युलेटर तोंडातच असावा, वेळ पडली तर रांगत यावे. सिलिंडर 200 बारला भरलेला असेल, तर 50 बार उरलेले असतानाच पाण्याबाहेर असायचे. डोक्यावर वाट बघत थांबलेली होडी इथे नसते. जितके लांब पोहत गेलो तितकेच पोहत परत यायचे असते.

आपल्याकडे उथळ पाण्यातली जहाजे आहेत, पण ती होडीने गाठावी लागतात. गोव्यात ग्रँड आयलंडजवळची 'सुझीज रेक' ही त्यांतली सर्वांत ओळखीची. बारा मीटरच्या आसपासच्या पाण्यात एका जुन्या मालवाहू जहाजाचे मोडके अवशेष पडले आहेत. नवशिक्याला इथे पहिल्यांदा थोडी निराशा येते, कारण मनात चित्रपटातले उभे जहाज असते आणि समोर असतात पत्रे, फासळ्या आणि शेवाळ. थोडा वेळ द्यावा. पाण्यात लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच विरतो, त्यामुळे गंजही राखाडी-हिरवा दिसतो. एका पत्र्याच्या कडेवर मी टॉर्च धरला आणि तो करडा तुकडा एकदम तांबडा-नारिंगी झाला. त्यावर स्पंजाचा थर होता, स्पंजात बोटाएवढा मासा होता आणि तो माझ्याकडे बघत होता. वाळू-गाळाच्या तळावर कठीण पृष्ठभाग दुर्मीळ असतो. जहाज बुडाले की शिंपले, बार्नेकल, स्पंज, प्रवाळ यांना धरायला जागा मिळते. त्यांच्यामागे छोटे मासे येतात आणि छोट्यांमागे मोठे. समुद्राच्या दृष्टीने बुडालेले जहाज म्हणजे नवा कातळ.

पण माझे मन जास्त गुंतले ते गोव्याच्याच दुसऱ्या दोन जागांत, जिथे पर्यटकांपेक्षा संशोधकांनी जास्त तास घालवले. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याच्या पाण्यातील फुटलेल्या जहाजांचा अभ्यास केला. सुंची रीफवर, अगदी तीन ते सहा मीटर पाण्यात, सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते. आफ्रिका आणि चीन या दोन टोकांचा माल एकाच जहाजाच्या पोटात, आणि तो दोन पुरुष पाण्यात. सेंट जॉर्जेस रीफवर मिळाला तो माल आपल्या आणखी ओळखीचा. भाजलेल्या मातीची कौले, विटा, खांबांचे नक्षीदार माथे, आणि त्यांवर शिक्का बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा, 1865 या सालासह. मंगळुरूचा हा कारखाना त्याच साली सुरू झाला. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो, जे कोकणातल्या अर्ध्या घरांवर अजून आहे, ते इमारतीवर चढण्याआधीच समुद्राच्या तळाशी जाऊन बसले आणि त्यामुळे हे जहाज 1865 नंतरचे, हे पक्के ठरले. काळ ठरवायला एक फुटके कौल पुरले.

म्हणूनच पाण्याखालून काही उचलून आणू नये. भारतात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. कायदा बाजूला ठेवला तरी, ते कौल कोणी दिवाणखान्यात ठेवायला आणले असते तर त्याची किंमत एका शोभेच्या वस्तूइतकी राहिली असती. जिथे पडले तिथे, शेजारच्या वस्तूंसह, ते साक्षीदार आहे. आणि काही जहाजे बघायलाही जाऊ नये अशी असतात. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस-अलिबागकडच्या कित्येक घरांत तो दिवस अजून सांगितला जातो. अशा जागी पाण्याखाली जे असते ती स्मशानभूमी असते.

मराठी डायव्हरसाठी येत्या काळातले मोठे आकर्षण सिंधुदुर्गात आहे. आधी विराट ही विमानवाहू युद्धनौका निवतीजवळ ठेवायची, असा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2018 मध्ये घेतला होता. ते झाले नाही, विराट 2020 मध्ये अलंगला तोडण्यासाठी गेली. त्यानंतर निवड झाली 'गुलदार'ची. पोलंडमध्ये बांधलेली, 84 मीटर लांबीची, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका 1985 च्या डिसेंबरमध्ये नौदलात आली आणि 12 जानेवारी 2024 रोजी निवृत्त झाली. 2025 मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली. निवती रॉकजवळ ती तळाशी नेऊन पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याच्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने 46.91 कोटी रुपये मंजूर केले. मुद्दाम बुडवायचे जहाज आधी धुवून काढावे लागते. तेल, रंग, तारा, प्लास्टिक काढायचे, डायव्हर अडकू शकेल असे दरवाजे काढायचे, बाहेर पडायला मोठी भोके कापायची. अपघाताने बुडालेल्या जहाजात यातले काहीच झालेले नसते, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कारण अपघाती जहाजाच्या आत शिरणे हा नवशिक्याचा खेळ नव्हे. ओपन वॉटरचे प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतच्या मोकळ्या पाण्याचे असते. ज्याने नुसती चाखून बघण्यासाठी शिक्षकाचा हात धरून डाइव्ह केली, त्याची मर्यादा 12 मीटर. दोघांनाही एकच नियम, डोक्यावर छत नको. आत एक फिन चुकीचा हलला तरी वर्षानुवर्षांचा गाळ उठतो आणि आलेली वाट नाहीशी होते. बाहेरही गंजलेल्या कडा असतात, म्हणून धनुर्वाताची सुई घेतलेली असावी. पत्र्यांना अडकलेली मच्छीमारांची जुनी जाळी सर्वांत फसवी, कारण नायलॉन पाण्यात दिसत नाही. जाळे कापायची छोटी सुरी जॅकेटला हाताला येईल अशी बांधावी. पाण्याखाली वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठ्या आणि पाव हिश्शाने जवळ दिसतात, त्यामुळे पत्र्याची धार वाटते त्यापेक्षा लांब असते आणि हात घातला की अंदाज चुकतो. कशालाच हात न लावणे उत्तम. दगडासारखा दिसणारा विंचूमासा नेमका हात टेकवायच्या जागी बसलेला असतो.

दिवस कोणता निवडावा, याचे उत्तर कोळीवाड्यात मिळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याला ओढ असते आणि तळ ढवळतो. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो, चढ-उतार कमी आणि पाणी निवळ. भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत तर किती सुटसुटीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मी बेंगळुरूहून तिकिटे काढताना कंपनीच्या सुट्ट्यांआधी कालनिर्णय बघतो. जून ते सप्टेंबर आपला समुद्र डायव्हरसाठी बंदच. डिसेंबर-जानेवारीत गोवा, मालवण आणि मुरुडेश्वरपासून सुमारे 19 किलोमीटर आत असलेले नेत्राणी बेट, तिन्हीकडे पाणी चांगले असते. ज्याला मराठीत शिकायचे आहे त्याने पर्यटन महामंडळाची तारकर्लीची संस्था बघावी. तिथे प्रशिक्षणासाठी आठ मीटर खोल तलाव आहे. शेजारच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया 1664 मध्ये घालणाऱ्या राजाच्या बालपणाचा काही काळ शहाजीराजांच्या बेंगळुरूत गेला होता, हे तिकडे जाताना मला दर वेळी आठवते.

आता परतीच्या वाटेबद्दल. बेंगळुरूकरांसाठी हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो. सावकाश वर आले की तो श्वासावाटे निघून जातो. दाब भसकन कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे अंगातच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, क्वचित माणूस लुळा पडतो. हे सारे मोजून सुरक्षित वेळांची कोष्टके पहिल्यांदा केली ती जे. एस. हॉल्डेन यांनी. बकऱ्यांवर प्रयोग करून त्यांनी ती 1908 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा मुलगा जे. बी. एस. किशोरवयातच वडिलांच्या प्रयोगासाठी डायव्हिंगचा पोशाख घालून समुद्रात उतरला होता. हाच मुलगा पुढे थोर जीवशास्त्रज्ञ झाला, 1957 मध्ये भारतात आला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते, कारण विमानात दाब कमी असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान 18 तास थांबावे. फार थोड्यांच्या लक्षात येते ते पुढचे. हा नियम सुमारे 610 मीटरच्या वरच्या उंचीला लागू आहे, मग तिथे विमानाने पोहोचा की बसने. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने नऊदशांशच असतो. रविवारी दुपारी दुसरी डाइव्ह करून संध्याकाळी बसमध्ये बसलेला डायव्हर रात्री घाट चढतो आणि सोमवारी पहाटे 920 मीटरवर झोपेतून उठतो, तेव्हा त्याचे 18 तास झालेले नसतात. आठ-दहा मीटरच्या एखाद्या डाइव्हने अंगात नायट्रोजन थोडाच साठतो, हे खरे. पण दोन दिवसांत चार डाइव्ह झाल्या की तो साठत जातो, आणि जहाज उथळ असले की माणूस पाण्यात जास्त वेळ राहतो. बेळगावकरांनाही हे लागू आहे, त्यांचे शहर साडेसातशे मीटरवर आहे. पुणे-कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास असल्याने मर्यादेच्या खाली राहतात, पण तारकर्लीहून आंबोलीमार्गे येणाऱ्याला सातशेच्या आसपासचा माथा ओलांडावा लागतो.

म्हणून शेवटची डाइव्ह शनिवारी दुपारच्या आत संपवा. रविवारची सकाळ किनाऱ्यावर काढा, जेवा, पाणी भरपूर प्या आणि मग घाट चढा.